मोडावे की जोडावे?

दिवाळीपूर्वी घराची झाडलोट निघाली, की माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या वस्तू खाली येतात. एखादी शिसवी खुर्ची असते. तिचा एक हात निखळलेला आणि वेताची बैठक फाटून लोंबत असलेली. एखादे दुभत्याचे जाळीदार कपाट असते. त्याचे पाय खालून कुजलेले. एखादी सागवानी पेटी असते. तिला झाकण आहे, पण बिजागऱ्या नाहीत. या वस्तू अंगणात मांडल्या, की घरात हटकून दोन पक्ष पडतात. एका पक्षाचे म्हणणे असे, की वस्तू आजोबांच्या वेळची आहे, सुताराला बोलावून ती नीट करून घ्यावी. दुसरा पक्ष म्हणतो, दुरुस्तीला जेवढे पैसे पडतील तेवढ्यात नवी वस्तू येईल. तेव्हा ही मोडावी, चांगल्या फळ्या आणि पितळी मुठी काढून घ्याव्यात आणि उरलेले लाकूड चुलीत घालावे.

दोन्ही पक्षांचे बोलणे ऐकताना पटते. परंतु या दोन मार्गांत एक मोठे अंतर आहे. काळजीपूर्वक केलेली दुरुस्ती मनासारखी झाली नाही, तर ती उकलून पुन्हा करता येते. मोडून चुलीत घातलेली खुर्ची मात्र कोणालाही परत आणता येत नाही. यास्तव जाणता कारागीर मोडण्याचा विचार सर्वांत शेवटी करतो. तत्पूर्वी तो त्या वस्तूची परीक्षा करतो. ही परीक्षा पाहण्यासारखी असते. कारण सामान्य माणसाला ज्या खुणा भयंकर वाटतात, त्यांकडे तो ढुंकूनही पाहत नाही आणि ज्या गोष्टी कोणाच्या लक्षातही येत नाहीत, तेथे तो थबकतो.

प्रथम तो खुर्ची उलटी करतो. खुर्चीची वरची बाजू लोकांना दाखविण्यासाठी असते. तिच्यावर पॉलिश असते, नक्षी असते, कधीकाळी कोणी फासलेला रंगही असतो. खालच्या बाजूला यांपैकी काही नसते. तेथे लाकूड उघडे दिसते. करवतीच्या खुणा सरळ असतील, तर ते लाकूड बहुधा हाताने कापलेले असते. त्या कमानीसारख्या वळलेल्या असतील, तर ते यंत्राच्या गोल पात्याने कापले आहे, हे समजते. पूर्वी कोणी दुरुस्ती केली असेल, तर तिचे ठिगळ तेथेच आढळते. किडीचा भुगाही तेथेच साचतो. थोडक्यात, वस्तूचा सारा पूर्वेतिहास तिच्या पोटाखाली लिहिलेला असतो.

त्यानंतर तो खुर्चीचे समोरासमोरचे दोन कोपरे धरून ती हलकेच हलवून पाहतो. खुर्ची खिळखिळी असेल, तर ती करकरते आणि डावीउजवीकडे झुलते. घरच्यांना वाटते, आता हिच्यात काही राम राहिला नाही. सुताराच्या दृष्टीने मात्र ही चांगली बातमी असते. खुर्ची खिळखिळी झाली, याचा अर्थ तिचे सांधे सुटले आहेत. लाकूड मोडलेले नाही.

जुन्या कारागिरांची सांधा जोडण्याची रीत समजली, म्हणजे हे ध्यानात येते. एका लाकडाच्या टोकाला जिभेसारखा भाग काढतात. त्याला कूस म्हणतात. दुसऱ्या लाकडात तिच्या मापाची खोबण पटाशीने कोरतात. कूस खोबणीत घट्ट बसते. ती हलू नये म्हणून मध्ये सरस लावतात. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेला चिकट पदार्थ. प्राचीन इजिप्तमधील सुतारांनाही तो ठाऊक होता. पन्नास-साठ वर्षांनी हा सरस वाळून ठिसूळ होतो आणि त्याची पकड सुटते. परंतु त्याचा एक मोठा गुण असा, की उष्णता आणि ओलावा मिळाला, की तो पुन्हा मऊ होतो. गरम पाण्याने जुना सरस धुऊन काढावा, लाकूड वाळू द्यावे, नवा सरस लावून सांधा शिकंजात आवळून एक दिवस ठेवावा, म्हणजे तीच खुर्ची पूर्वीसारखी ठाम उभी राहते. तिच्यातील लाकडाचा एक कणही बदलावा लागत नाही. सरसाने जोडणाऱ्या त्या पहिल्या कारागिराने, आपले काम पुढे कोणाला तरी उकलावे लागेल, अशी जणू सोयच करून ठेवलेली असते.

याउलट, घरातील उत्साही माणूस हातोडी घेऊन त्या सैल सांध्यात दोन खिळे ठोकतो, तेव्हा खरा घात होतो. खिळ्याने कूस चिरते. पुढे लोखंड गंजते, गंजताना फुगते आणि भोवतालचे लाकूड काळे पाडून कुजवते. कोकणातील दमट हवेत तर हे फार लवकर घडते. भंगारात गेलेल्या खुर्च्या तपासल्या, तर पुष्कळशा काळाने नव्हे, तर खिळ्यांनी मारल्या आहेत, असेच दिसून येईल. अलीकडे मिळणारे काही रासायनिक गोंद इतके बळकट असतात, की त्यांनी जोडलेला सांधा पुन्हा सुटतच नाही. ऐकताना हा गुण वाटतो. परंतु पुढे खुर्चीवर भार पडला, की सांध्याऐवजी शेजारचे लाकूडच फाटते. त्या वेळी सुटलेला सांधा बसविण्याऐवजी मोडलेले हाड जोडण्याची पाळी येते.

सांध्यांनंतर भेगांची पाळी येते. मेजाच्या फळीला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग पडलेली पाहून घरची मंडळी हळहळतात. प्रत्यक्षात तिच्यापासून फारसा धोका नसतो. लाकूड हे तोडल्यानंतरही हवेतील ओल शोषून घेते आणि सोडते. पावसाळ्यात ते फुगते, उन्हाळ्यात आकसते. ही हालचाल त्याच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ होतच नाही. रुंदीच्या दिशेने मात्र चांगलीच होते. म्हणूनच आषाढात कपाटाचे खण अडकून बसतात आणि चैत्रात ते सुरळीत सरकतात. हे जाणून जुने सुतार दाराची मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसतीच सरकवून ठेवीत. तिला सरस लावीत नसत, की खिळा मारीत नसत. तिला फुगण्या-आकसण्यास मोकळी जागा मिळे. पुढे एखाद्याने ती फळी हलते म्हणून खिळ्यांनी जखडली, की पहिल्याच कडक उन्हाळ्यात ती फाटते. अशी भेग त्याच जातीच्या लाकडाची बारीक पट्टी बसवून बुजविता येते आणि खिळे काढले, की दुखण्याचे मूळही जाते.

परंतु बोटभर लांबीची एखादी चीर खुर्चीच्या मागच्या पायाला, बैठकीच्या पातळीवर असेल, तर सुताराचा चेहरा गंभीर होतो. खुर्चीचा मागचा पाय वर जाऊन तिच्या पाठीचा खांब होतो. तो एकसंध असतो. बैठकीच्या दोन पट्ट्या दोन बाजूंनी त्याच्यात शिरतात. त्यासाठी तेथे दोन खोबणी कोरलेल्या असतात, म्हणजे नेमके तेथेच लाकूड सर्वांत कमी उरलेले असते. आणि माणूस मागे रेलला, की साऱ्या शरीराचा जोर तेथेच येतो. फळीची हातभर भेग क्षम्य ठरते आणि पायाची बोटभर चीर जिवावर बेतते, ती यामुळे.

आता किडीचा विचार. लाकडाचे शत्रू मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक वाळवी. ती जमिनीतून मातीचे बोगदे बांधीत येते आणि लाकूड आतून खात जाते. वरचा पातळ पापुद्रा मात्र तसाच ठेवते. कपाट बाहेरून धडधाकट दिसते आणि बोटाने दाबताच आत खड्डा पडतो. दुसरा शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारे भुंगेरे. त्यांची बारीक गोल छिद्रे पाहून लोक म्हणतात, ‘कीड लागली.’ खरे पाहता ते छिद्र भुंगेऱ्याच्या बाहेर पडण्याची वाट असते. त्याची अळी पुष्कळ काळ आत राहून लाकूड खात असते आणि मोठी झाल्यावर भुंगेरा होऊन बाहेर उडून जाते. तेव्हा छिद्रांच्या संख्येवरून नुकसान मोजता येत नाही. छिद्रातून पिठासारखा ताजा, फिकट भुगा पडत असेल, तर कीड अजून आत आहे. छिद्रे जुनी, काळवंडलेली आणि कोरडी असतील, तर ती केव्हाच निघून गेली. सुतार अशा ठिकाणी अणकुचीदार आर टोचून पाहतो आणि मोगरीने हलके ठोके देतो. निरोगी लाकूड खणखणीत बोलते. पोखरलेले लाकूड बद्द वाजते.

सागवान आणि शिसव यांचा गाभा सहसा किडीला दाद देत नाही. सालीलगतचे पांढरट लाकूड मात्र तिला फार आवडते. त्यामुळे एकाच फळीची एक कड भुगा झालेली आणि उरलेली फळी वज्रासारखी, असे दृश्य जुन्या सामानात अनेकदा दिसते. जो नुसती ती कड पाहतो, तो फळी फेकून देतो.

दुभत्याच्या कपाटाचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. दूध, दही, लोणी ठेवण्याच्या या कपाटाला मुंग्या लागू नयेत, म्हणून त्याचे चारही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवीत. उपाय नामी होता; मुंग्या येत नसत. परंतु वर्षानुवर्षे पाण्यात उभे राहून पायांची टोके कुजत. अशी कपाटे खालून चार-सहा बोटे गेलेली आणि वर अगदी साबूत अशी सापडतात. ती मोडणे म्हणजे पायात काटा मोडला म्हणून पाय कापण्यासारखे होय. कुजलेला भाग कापून टाकतात. पण तो आडवा कापीत नाहीत, लांब तिरका कापतात. नव्या तुकड्यालाही तसाच तिरका काप देतात आणि दोन्ही उतार एकमेकांवर चिकटवतात. आडव्या कापात सरसाला धरायला जागा थोडी मिळते, शिवाय लाकडाच्या टोकाला सरस नीट धरत नाही. तिरक्या कापात जागा कितीतरी पटींनी वाढते आणि भारही सावकाश खाली उतरतो. नव्या तुकड्याच्या रेषा जुन्या लाकडाच्या रेषांच्याच दिशेने धावतील, एवढी खबरदारी घ्यावी लागते.

काही भाग तर मुळात बदलण्यासाठीच असतात. वेताची बैठक झिजते, फाटते आणि पुन्हा विणली जाते. चांगल्या खुर्चीने आपल्या आयुष्यात अशा चार-पाच बैठका पाहिलेल्या असतात. तिच्यामुळे खुर्ची जुनी राहिली नाही, असे कोणी म्हणत नाही. वेत फाटला म्हणून खुर्ची मोडीत काढणारा मनुष्य जोड्याचा तळ झिजला म्हणून नवा जोडा घेणाऱ्यापेक्षाही उधळा म्हणावा लागेल.

पॉलिशचेही असेच आहे, परंतु येथे धोका उलट दिशेने येतो. जुन्या सामानावर बहुधा चपडीचे पॉलिश असते. झाडांवर राहणाऱ्या लाखेच्या किड्यांपासून लाख मिळते. तिची चपडी करून ती स्पिरिटमध्ये विरघळवतात आणि कापडाच्या बोळ्याने लाकडावर पुन्हा पुन्हा चोळतात. शंभर वर्षांच्या वापराने, हातांच्या स्पर्शाने आणि उजेडाने तिच्यावर एक खोल, मऊ झळाळी चढते. नवखा कारागीर प्रथम काचकागद घेतो आणि ती झळाळी तासाभरात घासून टाकतो. खालून कोरे, फिकट लाकूड निघते. वस्तू नवी दिसू लागते. पण जी गोष्ट विकत मिळत नाही, नेमकी तीच गेलेली असते. मळ पुसून, जेथे पॉलिश उडाले असेल तेथेच नवा हात देणे हे जास्त कष्टाचे काम आहे आणि तेच योग्य आहे.

ही सारी परीक्षा झाली, की मूळ प्रश्नाचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते. सांधे सुटले आहेत, पण लाकूड निरोगी आहे. एखादा पाय, एखादी पट्टी नवी घालावी लागेल. अशी वस्तू जोडावी. याउलट, चारही पाय पोखरलेले आहेत, चौकट दाबली की भुगा होते, मूळ वस्तूतून फक्त दोन दारे आणि मुठी शिल्लक आहेत. अशा वेळी दुरुस्ती म्हणजे वस्तुतः नवे कपाट करून त्याला जुनी दारे लावणे होय. ते करण्यास हरकत नाही. मात्र त्याला दुरुस्ती म्हणू नये. अडचण येते ती मधल्या वस्तूंची. तेथे खर्चाचा, उपयोगाचा आणि दुर्मिळतेचा विचार करावा लागतो.

दुर्मिळतेचा विचार पूर्वी फारसा कोणी करीत नसे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कारखान्यांत शिसवी लाकडावर भरघोस नक्षी कोरून कोच, खुर्च्या आणि मेजे बनवीत. ते सामान येथील धनिकांच्या दिवाणखान्यांत जाई आणि युरोपातही जाई. त्या काळी रुंद शिसवी फळ्या सहज मिळत. आज तशा फळ्या मिळणे कठीण झाले आहे. शिसवाची झाडे सावकाश वाढतात आणि तोड फार झाली. २०१७ मध्ये शिसवाच्या संपूर्ण कुळाचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रणाखाली आला. म्हणून एखाद्या मोडक्या शिसवी खुर्चीचा सरळ, निरोगी पायही आता टाकाऊ राहिलेला नाही. तो दुसऱ्या खुर्चीला जीवदान देऊ शकतो. शंभर वर्षे वाळलेले, फुगून आकसून स्थिरावलेले लाकूड जुन्या सामानाच्या दुरुस्तीला जितके जुळते, तितके नवे लाकूड जुळत नाही.

यातूनच सर्वांत अवघड प्रसंग उभा राहतो. समजा, एका घरात एकाच हाताने घडविलेल्या सहा खुर्च्यांचा संच आहे. त्यांपैकी तीन धड आहेत. चौथीचा पुढचा पाय गेला आहे. पाचवीची पाठीची पट्टी हरवली आहे. सहावीचे मागचे दोन्ही पाय बैठकीपाशी मोडले आहेत, परंतु तिचे पुढचे पाय आणि पाठीची पट्टी उत्तम आहेत. सहावीचा पाय चौथीला आणि पट्टी पाचवीला दिली, तर पाच खुर्च्या अस्सल लाकडाच्या उभ्या राहतात. सहावी कायमची जाते. दुसरा मार्ग असा, की तिन्ही खुर्च्यांना नव्या लाकडाचे भाग करून घालावेत. सहाही राहतील, पण खर्च वाढेल आणि तीन खुर्च्यांत नवे लाकूड येईल.

काही कारागीर पहिल्या मार्गाने जातात. पाच पूर्ण खुर्च्या सहा ठिगळांच्या खुर्च्यांपेक्षा बऱ्या, असे ते म्हणतात. संग्रहालयात काम करणारे तज्ज्ञ बहुधा दुसऱ्या मताचे असतात. त्यांच्या मते सहावी खुर्ची मोडकी असली, तरी ती एका कारागिराच्या हातचे पूर्ण काम आहे. तिचे भाग काढणे म्हणजे एक पुरावा पुसून टाकणे होय. रोजच्या वापरातील खुर्च्यांच्या बाबतीत पहिले मत अधिक व्यवहार्य ठरते. परंतु त्यालाही एक अट आहे. सहावीचे मागचे पाय तिरक्या जोडाने सांधता येतात किंवा नाही, हे आधी नीट तपासले पाहिजे. जी सांधता येते, तिचे भाग घाईने काढणे हा कारागिरीचा आळस होय.

मोडावयाचे ठरले, तरी मोडण्याचीही एक रीत असते. हातोडीचे घाव घालून खुर्ची फोडली, तर कुसा तुटतात आणि वाचवावयाचे भागच वाया जातात. प्रत्येक तुकड्यावर खडूने किंवा शिसपेन्सिलीने क्रमांक घालावा लागतो. कोणता तुकडा कोठून निघाला, याचे रेखाचित्र काढावे लागते. मग सांध्यांना वाफ देऊन सरस मऊ करतात आणि ते एकेक करून उकलतात. बिजागऱ्या, मुठी, कडी-कोयंडे यांचे स्क्रूसुद्धा ज्याच्या त्याच्याबरोबर पुडीत बांधून ठेवतात.

मोडक्या वस्तूची नोंद किती बारकाईने घ्यावी, याचा धडा इजिप्तमधील एका थडग्याने घालून दिला आहे. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांना तेथे तूतांखामेन या राजाचे थडगे सापडले. त्याच्यात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या खुर्च्या, चौरंग, पलंग आणि पेट्या एकमेकींवर रचलेल्या होत्या. काहींचे नक्षीचे तुकडे हात लावताच गळून पडतील, अशी स्थिती होती. कार्टर यांनी घाई केली नाही. प्रत्येक वस्तूला क्रमांक दिला, ती जागच्या जागी असतानाच तिचे छायाचित्र घेतले, टिपण लिहिले आणि सुटणारे तुकडे वितळलेल्या मेणाने जागीच धरून ठेवले. ते थडगे रिकामे करण्यास सुमारे दहा वर्षे लागली. घरच्या कपाटाला दहा वर्षे लागत नाहीत. एक दुपार पुरते. तेवढीही न दिल्यामुळे किती तरी चांगले तुकडे ‘हे कशाचे?’ या प्रश्नासह धूळ खात पडतात.

नीट सोडविलेल्या भागांना कधी कधी मोठे भाग्य लाभते. इंग्लंडचे ‘रेझोल्यूट’ नावाचे जहाज उत्तर ध्रुवाकडील समुद्रात हरवलेल्या एका मोहिमेच्या शोधार्थ गेले होते. ते बर्फात अडकले आणि १८५४ मध्ये खलाशांना ते सोडून यावे लागले. पुढच्या वर्षी, बर्फाबरोबर वाहत आलेले ते रिकामे जहाज एका अमेरिकी जहाजाला आढळले. अमेरिकेने ते दुरुस्त करून १८५६ मध्ये इंग्लंडला सन्मानाने परत केले. १८७९ मध्ये जहाज जुने झाल्यामुळे ते मोडण्यात आले. परंतु त्याचे ओक लाकूड वेगळे काढून त्याचे एक भव्य मेज बनविण्यात आले. व्हिक्टोरिया राणीने १८८० मध्ये ते अमेरिकेचे अध्यक्ष हेस यांना भेट दिले. पुढे अनेक अध्यक्षांनी त्या मेजावर काम केले. या एकाच जहाजाच्या कथेत दोन्ही निर्णय आले आहेत: एकदा त्याला जोडले आणि एकदा मोडले, आणि दोन्ही वेळा ते योग्यच झाले.

महाराष्ट्रातही याचे एक सुंदर उदाहरण पाहावयास मिळते. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी जुन्या वस्तू जमविण्यात आयुष्य वेचले आणि आपल्या अल्पवयात वारलेल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ संग्रहालय उभारले. १९७५ मध्ये त्यांनी तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यात दिवे, अडकित्ते, वाद्ये आहेत, तशीच कोरीव दारेही आहेत. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे उरलेले भाग तेथून काढून आणून या संग्रहालयात पुन्हा उभे केले आहेत. मूळ वास्तू जागेवर टिकली नाही. पण तिचे भाग एकत्र राहिले, म्हणून पाहणाऱ्याला तिची काही कल्पना करता येते. ते भाग चार व्यापाऱ्यांकडे चार दिशांना गेले असते, तर ते नुसते लाकूड ठरले असते.

बाजारात मात्र अशा सुट्या भागांचा एक दुरुपयोगही होतो. एका कपाटाचा वरचा भाग दुसऱ्याच्या खालच्या भागावर बसवून ते ‘अखंड जुने’ म्हणून विकले जाते. मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर जुन्या सामानाची दुकाने आहेत. अशा ठिकाणी खरेदी करणारे जाणकार कपाट घेण्यापूर्वी त्याची पाठ पाहतात. वरच्या आणि खालच्या फळ्यांचा रंग, जाडी आणि करवतीच्या खुणा जुळतात का, हे ते ताडून पाहतात. समोरून दोन भाग एका मापाचे करता येतात. पाठीमागे शंभर वर्षांची धूळ सारखी बसविणे सोपे नसते. दोन जुन्या वस्तूंची एक वस्तू करण्यात दोष नाही. तसे न सांगण्यात दोष आहे.

याच कारणाने, प्राचीन वास्तूंची काळजी घेणाऱ्या तज्ज्ञांनी १९६४ मध्ये व्हेनिस येथे जी तत्त्वे ठरविली, त्यांत असे म्हटले आहे, की हरवलेल्या भागाच्या जागी घातलेला नवा भाग एकंदर रूपाशी जुळणारा असावा, तरीही तो मुळाहून वेगळा ओळखू यावा. तत्त्व इमारतींसाठी होते. पण खुर्चीच्या पायालाही ते लागू पडते. काही कारागीर नव्या लाकडाचा रंग जुन्याशी जुळवितात. परंतु त्याच्या न दिसणाऱ्या बाजूवर दुरुस्तीचे साल शिसपेन्सिलीने लिहून ठेवतात. दिवाणखान्यात बसलेल्या पाहुण्याला तो जोड दिसत नाही. पन्नास वर्षांनी खुर्ची उलटी करणाऱ्या सुताराला मात्र तो लगेच सापडतो.

आणि ज्या वस्तू खरोखरच वाचत नाहीत, त्यांचे अवशेष सुताराच्या कोपऱ्यातील पेटीत जातात: एखादी पितळी मूठ, कातीव काम केलेला अर्धा दांडा, हातभर शिसवी पट्टी, जुन्या घडणीची एकच बिजागरी. त्यांतील प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली असते. कित्येक वर्षे कोणी तिकडे पाहत नाही. मग एके दिवशी कोणी तरी एक जुनी पेटी घेऊन येतो; तिला एक बिजागरी असते आणि दुसरी नसते. सुतार कोपऱ्यातील पेटी ओढतो आणि चिठ्ठ्या वाचू लागतो.